हौद्यातल्या पाण्यास

नागपूर,
नवतप्याचा तिसरा दिवस

तीर्थरूप पाण्यास,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मायना लिहिला आणि हात थांबला. तीर्थरूप हा शब्द आपण आईवडिलांसाठी वापरतो, पण त्यातलं तीर्थ मुळात तूच. देवघरातल्या पळीत असतंस, माठात असतंस, पाहुण्यापुढं ठेवलेल्या तांब्यात असतंस, तोवर तुला दुसऱ्या कुठल्या शब्दानं हाक मारायची माझी छाती नाही. पण माझ्या पिकअपच्या हौद्यातल्या टाकीत चढलंस की तू तीर्थरूप राहत नाहीस. तिथं तू चिरंजीव होतंस. वळण आलं की एका अंगाला धावतंस, ब्रेक लागला की पुढच्या भिंतीवर जाऊन आदळतंस, गाडी उभी राहिली तरी तुझं आत चाललेलंच असतं. तुला घेऊन फिरतोय त्याला बारा उन्हाळे झाले. एवढ्या सोबतीनंतर चार शब्द रागाचे लिहिले, तर मनाला लावून घेऊ नकोस.

आधी इकडची खुशाली. ऊन नेहमीसारखंच तापतं आहे. २३ मे २०१३ ला इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तेव्हापासून पंचेचाळिशीला नागपूरकर 'आज बरं आहे' म्हणतो. भर दुपारी रस्ते ओस पडतात. घरोघरी कूलर रात्रंदिवस चालू असतात, आणि माणसापेक्षा कूलरच तुला जास्त पितो. शहराच्या मधल्या भागात तू पेंचहून नळानं येतंस. पण बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा, या अंगाला शहर जसं पसरत गेलं तसे आधी प्लॉट पडले, मग घरं उठली, आणि तुझा नळ मागाहून आला. काही गल्ल्यांत अजून यायचा आहे. त्या गल्ल्यांत मोठा टँकर वळत नाही, म्हणून मला फोन येतो. लग्नाच्या लॉनवरून येतो, बांधकामावरून येतो. काटोल-नरखेडकडच्या नातेवाइकांचा येतो, कारण आंबिया बहाराची संत्री झाडाला धरलेली असतात, विहिरीनं तळ दाखवलेला असतो, आणि ऐन मे महिन्यात झाड सुकताना पाहणं शेतकऱ्याला सोसत नाही. म्हणजे तुझ्या कृपेनं माझं घर चालतं. हे ऋण आधी मान्य करतो आणि मग तक्रारीकडे वळतो.

पहिली तक्रार तुझ्या वजनाची. तुझा हिशेब पोरालाही कळेल इतका सोपा आहे. १ लिटर म्हणजे १ किलो. १००० लिटरची टाकी म्हणजे टनभर माल, २००० लिटर म्हणजे क्विंटल-क्विंटलची २० पोती गहू. ती २० पोती मी हौद्यात रचून मानेवाडा चौकातून निघालो असतो, तर कुणीही हटकलं असतं, 'अहो, गाडी बसली की तुमची!' तुला मात्र कुणी हटकत नाही. तू टाकीत लपतंस, आणि काळी टाकी रिकामी असो की भरलेली, बाहेरून तेवढीच दिसते. शिवाय पाणी म्हटलं की माणसाच्या मनात हलकं काहीतरी येतं. ओंजळ येते, फुलपात्र येतं. टन येत नाही.

मला तो टन आरसीच्या पुस्तकानं दाखवला. त्यात गाडीचं रिकामं वजन असतं आणि मालासकट एकूण वजन असतं. एकातून दुसरं वजा केलं की राहील तेवढाच गाडीचा घास. माझ्या गाडीचा तो तेरा क्विंटलांच्या आसपास भरला. त्यातून मी वजा, सोबतचा माणूस वजा, मोटर, पाइप, टाकी आणि स्टेपनीजवळचं अवजार वजा. उरलं ते थोडं हातचं राखून तुला दिलं, तर १००० लिटर. आणि मी पहिली चार वर्षं २००० लिटर भरत होतो. छोटा हत्तीवाल्यांचं तर विचारूच नकोस. टाटांची ती गाडी २००५ ला आली तेव्हा पाऊण टनासाठी आली होती. तिच्यावर हजाराची टाकी चढवून, पुढची चाकं जेमतेम जमिनीला टेकलेली, अशी ती चढ चढताना दिसते, तेव्हा तुझा मला खरंच राग येतो. तुझा काही दोष नाही हे समजत असूनही येतो.

पण वजन हा तुझा लहान गुन्हा. मोठा गुन्हा असा की तू बसत नाहीस.

हे मला आधी माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. आमची बंडी होती आणि उन्हाळ्यात गावाखालच्या नाल्याच्या झिऱ्यावरून टिपाडं भरून आणायची असत. बाबा टिपाड काठोकाठ भरत आणि वर कडुनिंबाची हिरवी डहाळी टाकत. पाल्यानं सगळं तोंड झाकलं जाई. मला वाटे, पाण्यात केरकचरा पडू नये म्हणून. एकदा मी ती डहाळी काढून बैलांना हाकायला घेतली. घरी येईस्तोवर टिपाड चार बोटं खाली गेलं होतं आणि बंडीच्या फळ्या निथळत होत्या. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पानी आपल्या मनानं बसत नाही बापा, त्याले बसवा लागते." डोक्यावर भरलेला गुंड घेऊन येणाऱ्या बायाही पाण्यावर पान नाहीतर डहाळी ठेवत. लाट उठायला लागली की पाल्यात अडकते, मोडते, तिथंच विरते. मोठे टँकर बनवणारे आत भोकं पाडलेले पत्र्याचे आडवे पडदे जोडतात, ते याच कामासाठी. बाबांच्या डहाळीत तेच शास्त्र होतं.

बंडीनंच आणखी एक गोष्ट शिकवली होती आणि ती मी पिकअप घेतल्यावर विसरलो. टिपाडं मागं सरकली की बंडी उलाळ होते. जू वर उचललं जातं, बैलाच्या गळ्यातला पट्टा आवळतो, बैल घुसमटतो आणि धड चालत नाही. म्हणून बाबा टिपाड चाकाच्या थोडं पुढं ठेवत, म्हणजे मानेवर बेताचा भार राहील. पिकअपला मान नाही, गळा नाही, म्हणून ती घुसमटलेली दिसत नाही. पण टाकी फाळक्याकडे, मागच्या एक्सलच्या पलीकडे ठेवली की तीही उलाळ होते. पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टेअरिंग लोण्यासारखं फिरतं. नवा ड्रायव्हर खूश होतो की गाडी हाताला हलकी लागते आहे. ज्या क्षणी वळवायची असते, त्या क्षणी ती सरळ जाते.

आता तो दिवस सांगतो. तुझ्या बाजूनं तुला आठवत असेलच.

आठ वर्षं झाली. मे महिन्यातली दुपार, तीनचा सुमार. दोन घरची मिळून २००० लिटरची एकच खेप होती. टाकी घरावर ठेवतात तसलीच, उंच आणि गोल. पहिल्या घरी अर्धी रिकामी केली. मनात म्हटलं, आता गाडी हलकी झाली. वजन कायद्यात बसत होतं बघ, पुरे हजार लिटरही उरले नव्हते. सकाळपासून भरल्या गाडीला मी जपून चालवत होतो, आता मोकळं वाटून पाय थोडा सैल सोडला. हुडकेश्वर रोडवरून डावीकडे एका लेआउटात वळायचं होतं. वेग चाळीसच्या आत होता. वळणाच्या तोंडाशी एक शाळकरी मुलगी सायकल हातात धरून उभी होती, उन्हामुळं ओढणीनं तोंड बांधलेली. समोरून दुचाकी आली. मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबता थांबता मागून कुणीतरी खांदा देऊन ढकलावं तशी पुढं गेली. ते ढकलणारं तू होतंस. गाडी थांबत आली तेव्हा तू निघालंस. अर्ध्या टाकीत धावायला तुला जागा होती. पुढच्या भिंतीवर आपटलंस, वळणामुळं उजव्या अंगाला चढलंस, आणि ती उंच टाकी नायलॉनच्या दोरासकट कलली. दोर ताणला जातो, हे मला ठाऊक होतं. किती, ते त्या दिवशी पाहिलं. उजवा फाळका कडकन उघडला आणि टाकी रस्त्यावर पडून फुटली.

मुलगी डावीकडे उभी होती म्हणून आज मी हे पत्र लिहू शकतो. ती उजवीकडे असती तर काय, हा विचार माझा अजून सुटलेला नाही. तिच्या चपला भिजल्या. ती काहीच बोलली नाही, सायकल ढकलत निघून गेली. तू मात्र डांबरावर पसरलंस, वाफ झालंस, आणि दहा मिनिटांत तिथं काही घडलं होतं असं दाखवायला ओलसुद्धा राहिली नाही.

संध्याकाळी गॅरेजात गेलो. मिस्त्री जुना माणूस. मी म्हटलं, मागं स्प्रिंगचे दोन पाटे वाढवून द्या, गाडी फार दबते. पाटे मी आधीही वाढवले होते. तो हात पुसत म्हणाला, "भाऊ, पाटे तुमी वाढवसान, ब्रेक कोन वाढवनार?" मग त्यानं चाक खोलून लायनर दाखवले. तापून तापून काचेसारखे चकचकीत झालेले. बेअरिंग दाखवलं. पाटे वाढवल्यानं गाडी दबलेली दिसत नाही एवढंच, ब्रेक तेच राहतात, एक्सल तोच, टायर तेच. आपल्याकडे म्हणतात ना, दुखणं हाल्याला आणि औषध पखालीला. त्या म्हणीत पाणी वाहणारा हाल्या आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट ध्यानात आलं.

ती पखाल माझ्या डोक्यातून काही दिवस जाईना. कातड्याची मोठी पिशवी रेड्याच्या पाठीवरून दोन्ही कुशींना लोंबायची. म्हणजे भार खाली आणि दोन्हीकडे सारखा. आणि तुला वाटेत थोडं थोडं वाटून दिलं की पखाल आकसत जायची. तू जेवढं, पिशवी तेवढी. तुला धावायला तिनं कधी मोकळी जागाच दिली नाही. माझी प्लास्टिकची टाकी आकसत नाही. तू अर्धं झालंस तरी ती पुरीच राहते, आणि ती उरलेली अर्धी पोकळी मी सोबत घेऊन फिरत होतो. भरलेली गाडी धोक्याची आणि अर्धी गाडी सोपी, असा माझा चार वर्षांचा समज होता. भरलेली टाकी जड असते, पण इमानदार असते. अर्ध्या टाकीचा नेम नाही.

तेव्हापासून मी काय बदललं ते तुला सांगतो. तुझ्याच बंदोबस्ताची गोष्ट आहे, तुला माहीत असलेली बरी.

आता माझ्या हौद्यात एक उंच टाकी नाही. ५०० लिटरच्या दोन बसक्या टाक्या आहेत. दोन्ही गळ्यापर्यंत भरतो. पहिल्या घरी मागची टाकी पूर्ण रिकामी करतो, दुसऱ्या घरी पुढची. मधे अर्धवट काहीच ठेवत नाही. मागची आधी, कारण उरलेला भार केबिनकडे राहावा, गाडी उलाळ होऊ नये. एखाद्या मावशी म्हणतात, "मला तीनशेच लिटर लागते, बाकीचं घेऊन जा." मी त्यांना हात जोडून सांगतो, उरलेले दोनशे तुमच्या झाडांना घ्या, पैसे देऊ नका, पण अर्ध्या टाकीनं मला रस्त्यावर पाठवू नका. ते दोनशे लिटर मला स्वस्त पडतात.

पहाटेचं काम असं असतं. टाक्यांखाली जुन्या टायरच्या रबराची चटई अंथरतो, नाहीतर ओल्या पत्र्यावर प्लास्टिक सरकतं. टाकी केबिनच्या जाळीला टेकवतो. दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे हौद्याच्या पट्टीला बोल्टनं आवळलेले आहेत. मग रॅचेटचे पट्टे, प्रत्येक टाकीवरून दोन, एकमेकांना छेद देऊन, आणि हुक हौद्याच्या लोखंडी कड्यांत, फाळक्याच्या साखळीत कधीच नाही. खटका ओढत जायचा, पट्ट्यावर बोट मारलं की तबल्यासारखा टण् आवाज आला पाहिजे. एवढं करून भागत नाही. दोन-तीन किलोमीटरवर थांबून पुन्हा पाहतो. हादऱ्यानं टाकी आपली जागा धरते, उन्हानं प्लास्टिक नरम पडतं आणि पट्टा सैल होतो. मे महिन्यात दुपारी तोच पट्टा आणखी दोन खटके घेतो. हे मी हातानं अनुभवलेलं सांगतो.

टायरमधली हवा पहाटे, गाडी चालवण्याआधी पाहायची. दुपारी टायर तापले की हवेचा दाब वाढलेला दिसतो आणि काहीजण ती सोडून देतात. तसं कधी करू नये. कमी हवेचा टायर भाराखाली जास्त मुरडतो, म्हणून अजून तापतो, आणि मग एखाद्या दिवशी सिमेंट रोडवर त्याच्या चिंध्या होतात. आपल्या सिमेंट रोडची दुसरी गोष्ट त्यांची कड. कितीतरी ठिकाणी रस्ता उंच आणि बाजूची माती वीतभर खाली. समोरच्याला वाट द्यायला डावं चाक खाली उतरवलं की तू सगळं डावीकडे येतंस. तेव्हा घाबरून स्टेअरिंग वर ओढायचं नसतं. वेग मरू द्यायचा, कड जिथं कमी असेल तिथून चढायचं. स्पीड ब्रेकर तिरका ओलांडायचा नाही, दोन्ही चाकं सोबत चढवायची. उड्डाणपूल उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे पाहतो तेव्हा पोटात गोळा येतो. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे निम्मं काम इंजिन करतं आणि ब्रेक थंड राहतात. आणि वेग! वीसचे चाळीस केले की ब्रेक दाबल्यावर थांबायला दुप्पट अंतर लागेल असं वाटतं, लागतं चौपट. त्यात तुझा धक्का वेगळाच. म्हणून पुढच्या गाडीपासून मी इतकं अंतर ठेवतो की मधे दोन दुचाक्या घुसतात. घुसू देतो. पुन्हा अंतर ठेवतो.

आता तुझ्याजवळ माणसांची तक्रार करतो. तू सगळ्यांच्या घरी जातंस, तुझं कुणी ऐकेल.

गिऱ्हाईक खेपेचे पैसे देतं. म्हणून प्रत्येकाला वाटतं, एका खेपेत जितकं येईल तितकं यावं. "भाऊ, टाकी मोठी आना, दोन चकरांचे पैसे कायले?" हे वाक्य मी उन्हाळ्यात किती वेळा ऐकतो त्याला गणती नाही. बोलणारी माणसं वाईट नाहीत. घरात म्हातारी माणसं असतात, पोरं असतात, दोन दिवस नळाला टिपूस नसतो. पण त्या एका वाक्यानं जो दुसरा टन गाडीवर चढतो, तो त्यांच्याच पोरांच्या शाळेच्या रस्त्यावरून येतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० असा दंड ठरवला आहे. मी दंडाच्या भीतीनं भार कमी केला नाही, त्या मुलीच्या भिजलेल्या चपलांनी केला. तरी दुसऱ्या चकरेचे पैसे मागताना मी हा आकडा सांगतो, कारण चपलांची गोष्ट सगळ्यांना सांगता येत नाही.

दुसरी तक्रार मालकांची. कोवळी पोरं हाताखाली ठेवतात आणि त्यांना टाकीवर बसवतात, झाकण धरायला. त्या पोराचे पाय तुझ्या डोक्यावर आणि हात हवेत. टाकीला झाकण हवं तर आट्याचं लावा, पोर लावू नका. आणि उतारावर गाडी उभी करून पाइप जोडताना मागच्या चाकाखाली दगड हवाच. हॅन्डब्रेक असतो, गिअर असतो, तरी दगड. तू खाली उतरत जातंस तशी गाडी हळूहळू वर उठते, तिचा तोल प्रत्येक मिनिटाला बदलतो, आणि त्याच वेळी माणूस तिच्या मागं वाकलेला असतो.

रागाचं झालं. आता तुझ्याशी थोडं मनातलं.

जुलै २०१९ तुला आठवतो? पाऊस लांबला, तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा संपला, वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण झाल्यानं पेंचमध्ये येणारं पाणीही कमी झालं होतं. महापालिकेनं नागपूरला एक दिवसाआड पाणी करायचं ठरवलं. आमच्या काठावरच्या वस्तीला याची सवय होती. पण ज्यांच्या नळाला कायम तू असायचंस, त्या घरांतून पहिल्यांदा मला फोन आले. एका निवृत्त प्राध्यापकांनी बादल्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या आणि मी पाइप सोडल्यावर ते बराच वेळ नुसते धारेकडे पाहत उभे राहिले. त्याआधी तीन वर्षं, १२ एप्रिल २०१६ ला, तू मिरजेहून लातूरला आगगाडीनं पोचलंस. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते चित्र मी टीव्हीवर पाहिलं तेव्हा सगळे गर्दीकडे पाहत होते आणि मी वाघिणींकडे. वाटलं, हिला रूळ आहेत, वळणं बेताची आहेत, बंद लोखंडी पिंप आहे. तुला न्यायचं तर एवढी तयारी लागते. आणि आम्ही एका दोरावर निघतो.

दरवर्षी विजयादशमीच्या सुमारास मी दीक्षाभूमीच्या बाजूच्या रस्त्यांवर तुला घेऊन जातो. त्या खेपेचे पैसे घेत नाही. लाखो माणसं पायी चालत असतात, कडेवर लेकरं, डोक्यावर गाठोडी. ठिकठिकाणी साधी माणसं जेवण आणि पाणी वाटत उभी असतात. गाडी माणसाच्या चालीनं न्यावी लागते आणि तरीही तू आत हेलकावतंस. त्या गर्दीत मी ब्रेकवर पाय नुसता ठेवलेला असतो, दाबलेला नसतो. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ उचलली ती तुझ्यासाठी. तुझी एक ओंजळ मिळावी म्हणून ज्यांना इतकं चालावं लागलं, त्यांच्या नातवंडांच्या अंगावर तुझी टाकी कलता कामा नये. त्या रस्त्यावर मी तुला तीर्थरूपच म्हणतो, हौद्यात असलंस तरी.

आता विनंती. तुला बस म्हणणार नाही. वाहणं हा तुझा धर्म आहे, बसवणं माझं काम. फक्त या बेशाच्या, बेलतरोडीच्या, नरसाळ्याच्या उरलेल्या गल्ल्यांत तू लवकर नळानं ये. जमिनीखालून, पाइपातून, पोटभर. माझा धंदा कमी होईल, होऊ दे. पिकअप आहे, संत्री वाहीन, भाजी वाहीन. क्रेटमध्ये ठेवलेली संत्री ठेवली तिथंच असतात. तोवर मात्र तुझी माझी सोबत सुटत नाही.

उद्या काटोलकडच्या एका बागेत दोन खेपा आहेत. पहाटे पाचला विहिरीवर येतो. ऊन चढायच्या आत पहिली खेप पोचवायची आहे. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझा,
एक पिकअपवाला

ता. क. – बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. गेल्या आठवड्यात हट्टानं सोबत आले. मी पट्टे आवळत होतो तेवढ्यात ते विहिरीजवळच्या कडुनिंबाची डहाळी मोडून घेऊन आले आणि टाकीचं झाकण उघड म्हणाले. मी सांगितलं, बाबा, पाला मोटरीच्या तोंडात अडकेल, टाकी गळ्यापर्यंत भरली आहे, आत हलायला जागा नाही. त्यांनी टाकीच्या अंगाला कान लावला. मी गाडी दोन हात पुढं घेऊन थांबवली. ते तसेच वाकून चालत आले, कान टाकीपासून न काढता. मग मान हलवली, डहाळी पट्ट्यात खोचली आणि म्हणाले, "बसलं. चाल."

ती डहाळी वाळली आहे, पण मी अजून काढलेली नाही.